नऊ एकांचा वर्ग आणि फ्लेक्सवरचे दोन शून्य

प्रकरण डहाणूकडच्या एका शाळेतलं आहे, शाळेचं नाव सांगत नाही कारण त्यात शाळेची काही चूक नाही आणि उगाच पोरांची थट्टा व्हायला नको. १७ जानेवारीचा कार्यक्रम होता. १७ जानेवारी का, तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली याच तारखेला डहाणूत जन्मले. ६१७४ ही संख्या ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते गणिती कापरेकर. पुढे त्यांचं आयुष्य देवळालीच्या शाळेत मास्तरकी करण्यात गेलं म्हणून लोक त्यांना नाशिकचे समजतात, पण जन्म आपल्या किनाऱ्यावरचा, आणि ही गोष्ट डहाणूच्याच पोरांना माहीत नसते म्हणून गणिताच्या बाईंनी ठरवलं की या वर्षी गेटवर मोठा फ्लेक्स लावायचा.

फ्लेक्सवर काय, तर कापरेकरांच्या डेमलो संख्या. मुंबईहून ३० मैलांवर तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर डेमलो नावाचं स्टेशन होतं, तिथे त्यांना या संख्यांचा नाद लागला म्हणून ते नाव. त्यातल्या सगळ्यात देखण्या संख्या म्हणजे नुसत्या एक-एक आकड्यांचे वर्ग. १ चा वर्ग १, ११ चा १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, असं चढत जायचं आणि नवव्या ओळीला १११११११११ चा वर्ग. चढत ९ पर्यंत आणि उतरत परत १ पर्यंत, सतरा आकडी संख्या:

१२३४५६७८९८७६५४३२१

आपल्या पद्धतीने वाचायची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. कोटी दोनदा येतं, वाचताना दम लागतो.

फ्लेक्स छापून आला आणि नवव्या ओळीत होतं १२३४५६७८९८७६५४३००.

आठ ओळी चोख बरोबर आणि नवव्या ओळीत शेवटी दोन शून्य. फ्लेक्सवाल्या दादाला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, मी एक आकडा टाइप केला नाही, तुम्ही पाठवलेल्या शीटवरून कॉपी मारलाय." आणि ते खरं होतं. बाईंनीही हाताने टाइप केलं नव्हतं, कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये एका कॉलममध्ये एकांच्या संख्या आणि शेजारी गुणाकाराचा फॉर्म्युला टाकून खाली ओढला होता. सातव्या ओळीपासून १.२३४५७ई+१२ असलं विचित्र दिसायला लागलं म्हणून फॉरमॅट बदलून नंबर केला, मग सगळे आकडे छान उलगडले. आठ ओळी डोळ्यांनी तपासल्या, बरोबर होत्या, नववी कशाला तपासतंय कोण. मी असतो तर मीही नसती तपासली.

मग शाळेत गंमत सुरू झाली. एका पोराने ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला तर आलं १२३४५६७८९८७६५४३२०, म्हणजे शेवटी ३२०. दुसऱ्याच्या फोनमधल्या कॅल्क्युलेटरने ३२१ दाखवलं. ऑफिसातला दुकानात असतो तसला बारा आकडी कॅल्क्युलेटर काढला, त्याने ई दाखवून हात वर केले. अकरावीतल्या एकाच्या बहिणीचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणला, तो म्हणतो १.२३४५६७८९९ गुणिले दहाचा सोळावा घात, ज्याचा या भांडणात काडीचा उपयोग नाही कारण भांडण शेवटच्या दोन आकड्यांचं आहे आणि तो पहिलेच दहा दाखवतोय.

म्हणजे उमेदवार तीन: ३०० वाला, ३२० वाला, ३२१ वाला. तिन्हींना एकेका यंत्राचा पाठिंबा. स्टाफरूममध्ये एका सरांचं मत पडलं की दोन कॉम्प्युटर म्हणतायत शेवटी शून्य, मग शून्यच असणार, ३२१ दाखवणारा फोन "सुंदर दिसावं म्हणून" तसं दाखवत असेल. हसू नका, हे बोलणारे सर हुशार आहेत, फक्त इतिहास शिकवतात. मला बोलावलं ते या टप्प्यावर, कारण बाईंचं आणि माझं माहेर एकाच आळीतलं म्हणजे बाईंचं माहेर आणि माझं घर, असो.

माझं म्हणणं एवढंच होतं की चौथं यंत्र आणू नका. आणलं तर मतं वाढतील, निकाल लागणार नाही. या संख्येकडे स्वतःचे इतके गुणधर्म आहेत की तीच सांगेल खरी कोण. वही-पेन्सिल घ्या, कापरेकरांचा कार्यक्रम आहे तर निदान त्यांच्या हत्यारांनी तरी करू.

पहिली कसोटी पाचवी-सहावीतल्या पोरालाही जमते. आपल्याला पूर्ण वर्ग पाहिजे. पूर्ण वर्गाच्या शेवटी शून्य आले तर जोडीनेच येतात, १० चा वर्ग १००, २० चा ४००, एकटा शून्य कधीच येत नाही. ३२० वाल्याच्या शेवटी एकच शून्य आहे, म्हणजे तो कुठल्याच पूर्ण संख्येचा वर्ग नाही, १११११११११ चा तर सोडाच. तो गेला. ३०० वाल्याला शून्यांची जोडी आहे, पण ती जोडी काढून टाकली की उरतं १२३४५६७८९८७६५४३, हेही वर्ग असायला पाहिजे आणि याचा शेवट ३ ने होतो. वर्गाच्या एकक स्थानी २, ३, ७, ८ येऊच शकत नाहीत. तोही गेला. दोन मिनिटांत दोन उमेदवार बाद, गुणाकार न करता.

आणि शून्य येणार तरी कुठून हो? एकाने संपणाऱ्या संख्येला एकाने संपणाऱ्या संख्येने गुणलं तर एकक स्थानी एकच येणार. आठवीतली एक पोरगी मागून हळूच हे म्हणाली तेव्हा स्टाफरूममध्ये जरा शांतता झाली. सगळ्यात साधा मुद्दा आणि मोठ्यांपैकी कुणी मांडला नव्हता, कारण सगळे स्क्रीनकडे बघत होते.

तरी सरांचं समाधान झालं नव्हतं. त्यांचं म्हणणं रास्त होतं, दोन खोटे ठरले म्हणून तिसरा खरा ठरत नाही, तिन्ही खोटे असू शकतात. मग नऊची आणि अकराची कसोटी लावली.

१११११११११ मधल्या आकड्यांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने नि:शेष भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जायला पाहिजे. ३२१ वाल्याच्या आकड्यांची बेरीज करा: १ ते ८ चढत ३६, मधला ९, उतरत ३६, एकूण ८१, म्हणजे निदान ९ ने तरी भाग नक्की जातो. ३२० वाल्याची बेरीज ८०, ३०० वाल्याची ७८, त्यांना तर ९ नेही भाग जात नाही. अकराच्या कसोटीत आकडे एकाआड एक घेऊन बेरजा करायच्या आणि वजा करायच्या. नऊ एकांमध्ये विषम स्थानी पाच एक, सम स्थानी चार एक, फरक १, म्हणजे ११ ने भागून बाकी १, वर्गाची बाकीही १ पाहिजे. ३२१ वाल्यात विषम स्थानांची बेरीज १+३+५+७+९+७+५+३+१ म्हणजे ४१, सम स्थानांची २+४+६+८+८+६+४+२ म्हणजे ४०, फरक १. बसलं. ३२० वाल्यात फरक शून्य येतो, ३०० वाल्यात २.

इथे बाईंना जोर आला आणि त्यांनी हर्षद संख्येचा मुद्दा काढला. हर्षद हे कापरेकरांचंच काम, ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती हर्षद. १८ ची बेरीज ९, अठराला नवाने भाग जातो, झाली हर्षद. आपल्या संख्येची बेरीज ८१ आणि तिला ८१ ने भागही जातो, भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि हा भागाकार स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणजे ही हर्षद, म्हणून हीच खरी, कापरेकरांच्या कार्यक्रमाला याहून चांगला पुरावा कुठला, असं बाई म्हणाल्या आणि सगळ्यांना पटलं.

मला राहवेना, म्हटलं ३२० वालाही तपासून बघा. बेरीज ८०. ८० ने भाग जातो का? जातो. १५४३२०९८७३४५६७९ गुणिले ८०, बरोबर १२३४५६७८९८७६५४३२०. खोटा उमेदवारही हर्षद निघाला! बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण या प्रकरणात मला सगळ्यात आवडलेली जागा हीच. गुणधर्म सुंदर असणं वेगळं आणि खऱ्याखोट्याचा निवाडा करायला उपयोगी असणं वेगळं. हर्षद असायलाच पाहिजे हे आपल्याला आधीपासून माहीत असेल तर जो हर्षद नाही त्याला बाद करता येतं, तसा ३०० वाला बाद होतोही, कारण त्याची बेरीज ७८, त्यात १३ हा अवयव आहे आणि १३ ने भागून बाकी २ उरते. पण हर्षद आहे म्हणून खरा, हे उलटं चालत नाही. नऊ-अकराचंही तसंच आहे. मधले ७ आणि ९ अदलाबदल करून १२३४५६९८७८७६५४३२१ लिहा, दोन्ही आकडे विषम स्थानीच राहतात, दोन्ही कसोट्या पास, एककात १ सुद्धा आहे, आणि संख्या साफ चुकीची.

म्हणून शेवटी गुणाकार करावाच लागला, फळ्यावर, खडूने. पण तो वाटतो तेवढा अवघड नाही, उलट सगळं गुपित तिथेच उघडं पडतं. १११११११११ ला १११११११११ ने गुणायचं म्हणजे तीच ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. आता उभे रकाने मोजा. अगदी उजव्या रकान्यात एकच १, पुढच्यात दोन, पुढच्यात तीन, बरोबर मधल्या रकान्यात सगळ्या नऊ ओळींचे मिळून नऊ, आणि मग पुन्हा आठ, सात, सहा. कुठल्याच रकान्यात नवापेक्षा जास्त एक नाहीत, म्हणून हातचा एकदाही येत नाही, आणि रकान्यातल्या एकांची संख्या हाच उत्तरातला आकडा. झालं, ३२१. कुठल्याही यंत्राला विचारायची गरज नाही.

आणि आकड्यांची बेरीज ८१ का, तेही इथेच कळतं. फळ्यावर एकूण एक किती लिहिले? नऊ ओळी गुणिले नऊ, ८१. आपण ते फक्त उभे मोजले. सर म्हणाले, "हे मला शाळेत कुणी दाखवलं असतं तर मी इतिहासाला गेलो नसतो." तेवढं काही खरं नाही, पण बरं वाटलं.

पोरांचा पुढचा प्रश्न व्यवहारी होता. फरक फक्त एकाचा आहे ना, एवढ्या अवाढव्य संख्येत १ ने काय बिघडतं? छापू द्या की ३२० च. आता मोजमापात हे ठीक आहे, खाडीतल्या पाण्यात एक थेंब कमी झाल्याने कुणाची होडी अडत नाही, पण पूर्ण संख्यांमध्ये शेजारीपाजारी राहणं आणि नातं असणं याचा काही संबंध नसतो. दोन्हींचे अवयव काढून बघा.

३२१ वाल्याचे अवयव काढायला संख्या फोडायची गरजच नाही, १११११११११ चे काढा आणि प्रत्येकाचा घात दुप्पट करा. ९ ने भागलं की १२३४५६७९, ही ती प्रसिद्ध ८ गाळलेली संख्या. तिला ३७ ने भाग जातो, उरते ३३३६६७. ही मूळ संख्या आहे. म्हणजे आपली सतरा आकडी संख्या फक्त तीन मूळ संख्यांनी बनलेली: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. बस. एवढी लांबलचक संख्या आणि घरात माणसं तीन.

३३३६६७ मूळ आहे हे कशावरून, असं एकाने विचारलंच, आणि पोरगं विचारतंय तर टाळता येत नाही. साध्या पद्धतीने तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्या १०६ आहेत. दुपार जाईल. पण एक आडवाट आहे. ३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला, म्हणजे नऊ नवांना, नि:शेष भाग जातो, भागाकार २९९७. त्यामुळे ३३३६६७ चा जो कुठला मूळ अवयव असेल त्याने भागताना १० चे घात फिरून १ बाकीवर यायला ९ च्या विभाजकांएवढ्या, म्हणजे १, ३ किंवा ९ पायऱ्या लागणार, दुसरं काही शक्य नाही. १ पायरीवाली मूळ संख्या फक्त ३, तीन पायऱ्यांवाली फक्त ३७, दोन्हींनी इथे भाग जात नाही, ३७ ने बाकी १ उरते. नऊ पायऱ्यावाली असेल तर फर्माच्या नियमाने तिच्यातून १ वजा केल्यावर ९ ने भाग गेला पाहिजे, आणि ती विषम असल्यामुळे १८ नेही. आता ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या किती? १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा. शंभरावर भागाकारांचं काम सतरावर आलं, पोरांनी वाटून घेतलं, मधल्या सुट्टीच्या आत संपलं, कुणाचाच भाग गेला नाही. ५२३ वालीने बाकी ५१६ आली म्हणून दोनदा करून बघितलं, बरोबरच होतं.

विभाजक मोजायचे तर ३ चे घात घ्यायला पाच पर्याय, ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन, पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. विभाजक ४५, विषम, आणि पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच असते, कारण बाकी सगळे जोडीने येतात आणि वर्गमूळ एकटं राहतं. ४५ ही स्वतः कापरेकर संख्या आहे बरं का, तिचा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ परत ४५. हा निव्वळ योगायोग, पण फ्लेक्सच्या कोपऱ्यात टाकायला चांगला.

आता ३२० वाला. तो म्हणजे वर्ग वजा १, म्हणून तो फुटतो ११११११११० गुणिले ११११११११२ असा. पहिल्यात २, ५, ११, ७३, १०१, १३७. दुसऱ्याला ८ ने जातो, ७ ने जातो. शेजारच्या संख्येत असलेले ३, ३७, ३३३६६७ यातला एकही इथे नाही, आणि असूच शकत नाही, कारण लागोपाठच्या दोन संख्या नेहमी सहमूळ असतात. एका पायरीवरचा शेजारी आणि सामाईक काहीच नाही. तर एकाने काय बिघडतं, याचं उत्तर, सगळं.

राहता राहिलं यंत्रांचं. ती खोटं का बोलली? मुळात ती खोटं बोलत नव्हती, जागा संपली होती. बहुतेक शीट आणि ब्राउझरमधले कॅल्क्युलेटर प्रत्येक आकडा १९८५ च्या आयईईई ७५४ या ठरावाप्रमाणे साठवतात, त्यात संख्येच्या नेमक्या आकड्यांसाठी द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या, पद्धतीतली ५३ घरं मिळतात. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, सोळा आकडी. तिथपर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या जशीच्या तशी बसते. त्याच्या पुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत, म्हणजे १८०१४३९८५०९४८१९८४ पर्यंत, फक्त सम संख्या बसतात, विषम संख्यांना जागाच नाही. आपली संख्या नेमकी या दोघांच्या मधे आणि विषम. मग तिला ३२० वर तरी बसायला पाहिजे नाहीतर ३२२ वर, दोन्ही सारख्याच अंतरावर. अशा बरोबरीत नियम असा की ज्याच्या साठवलेल्या शेवटच्या द्विमान घरात ० येतो तो निवडायचा. ३२० ची निम्मी ६१७२८३९४९३८२७१६०, सम, ३२२ ची निम्मी विषम, म्हणून ३२०. ऑनलाइन कॅल्क्युलेटरने दाखवलेला ३२० म्हणजे मनमानी नव्हे, नियमाने आलेला आकडा.

शीट त्याच्याही पुढे जाऊन दाखवताना फक्त पंधरा आकडे दाखवते आणि उरलेल्या जागी शून्य भरते. एक्सेलची ही १५ आकड्यांची मर्यादा त्याच्या अधिकृत माहितीत स्पष्ट लिहिलेली आहे, लपवलेली नाही, आपण वाचत नाही एवढंच. आणि आता फ्लेक्सवरची आठवी ओळ बघा: १२३४५६७८७६५४३२१. मोजा. बरोबर पंधरा आकडे! आठ ओळी चोख आल्या आणि नववीतच घोळ झाला तो यामुळे. आठव्या ओळीला शीटची मर्यादा काठोकाठ भरली होती. म्हणून वरच्या आठ बरोबर आहेत यावरून नवव्या ओळीबद्दल काहीच कळत नव्हतं. दुसऱ्याच्या फोनमधला कॅल्क्युलेटर ३२१ दाखवत होता कारण काही कॅल्क्युलेटर पूर्ण संख्या हवी तेवढी लांब साठवतात, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषासुद्धा तसंच करते, तिथे या ५३ घरांची भानगड येत नाही.

हे सगळं चालू असताना शाळेच्या समितीतले एक काका बसले होते, मच्छीमार सोसायटीत हिशेब बघायचे, आता रिटायर झालेत. ते इतका वेळ गप्प होते. पंधरा आकड्यांचं ऐकल्यावर एकदम म्हणाले, "थांबा, मग आमच्या त्या यादीचं हेच झालेलं." कुठल्याशा सोसायटीत सभासदांच्या बँक खात्यांची यादी शीटमध्ये भरली होती, खातेक्रमांक सोळा आकडी, आणि बऱ्याच जणांच्या क्रमांकाच्या शेवटी ० दिसायला लागला. सगळ्यांनी टाइप करणाऱ्या पोराला झोडलं, झोपेत टाइप केलं म्हणून. त्याने बिचाऱ्याने बरोबरच भरलं होतं. दहा आकडी मोबाइल नंबर आणि बारा आकडी आधार नंबर शीटमध्ये सुखरूप राहतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही, पण सोळा आकडी कार्ड नंबर किंवा खातेक्रमांक टाकला की शेवटचा आकडा शून्य झालाच म्हणून समजा. आणि टाइप केलेला एकदा असा गेला की गेला, नंतर फॉरमॅट बदलून परत येत नाही.

उपाय साधा आहे, काकांनी तिथेच कागदावर लिहून घेतला. आकडे भरायच्या आधी कॉलम टेक्स्ट करायचा, किंवा आकड्याच्या आधी एक उभं अवतरणचिन्ह मारायचं, मग शीट त्याला संख्या समजतच नाही, नुसती अक्षरं समजते. खातेक्रमांकाची कुणी बेरीज वजाबाकी करत नाही, तो संख्या नाहीच मुळात, आकड्यांत लिहिलेलं नाव आहे. आधारच्या शेवटच्या आकड्यात तपासणीची सोय असते, व्हेरहोफ पद्धतीची, कार्डांवर लून पद्धतीची, त्यामुळे एखादा आकडा बदलला तर क्रमांक मुळातच बाद ठरतो. आपण नऊ-अकरा लावून केलं तेच काम, फक्त आधीच क्रमांकात शिवून ठेवलेलं.

फ्लेक्स नवा छापला नाही, पैसे कुठून आणणार. दादाने ३०० वर ३२१ ची पट्टी चिकटवून दिली, फुकट, रंगही जुळवला, जवळ गेल्याशिवाय कळत नाही. खाली थोडी जागा उरली होती, तिथे ५२३ वाल्या पोरीने दहावी ओळ घालायचा हट्ट धरला. बाई म्हणत होत्या नको, नवव्यापर्यंतच छान दिसतं. दहा एकांच्या वर्गात मधल्या रकान्यात दहा एक येतात, पहिला हातचा तिथे येतो, तो शेजारच्या नवात मिळून परत दहा, दुसरा हातचा, मग आठाचा नऊ होतो आणि तिथे थांबतं. जिना मधेच मोडतो:

१२३४५६७९००९८७६५४३२१

आकड्यांची बेरीज ८२. फळ्यावरचे एक असते १००, प्रत्येक हातचा बेरजेतून ९ खातो, दोन हातचे म्हणून १८ गेले. शीटला विचारलं तर ती १२३४५६७९००९८७६५०००० म्हणते, ते आता कुणी मनावर घेतलं नाही. दहावी ओळ त्या पोरीने स्वतः मार्करने लिहिली, दोन्ही शून्य लाल, आणि खाली कंसात, "हे दोन शून्य खरे आहेत".